पऱ्याची वही: कोकणातल्या नदीचा बदलता प्रवाह गावानेच कसा मोजावा

आमच्या वाडीच्या साकवाखाली, म्हणजे पऱ्यावरच्या (लहान ओढ्यावरच्या) छोट्या पुलाखाली, कातळात पाण्याने कोरलेले दोन रांजण आहेत. वरचा मोठा, खालचा लहान. पावसाळ्यात दोन्ही दिसतसुद्धा नाहीत. दिवाळीनंतर पाणी उतरलं की वरच्या रांजणातून खालच्यात पडणारी धार दिसायला लागते. मग ती मनगटाएवढी होते, बोटाएवढी होते, आणि एका सकाळी वरच्या रांजणाच्या काठावर नुसता ओलावा उरतो. माझ्या लेखी तो पऱ्या आटल्याचा दिवस. गावात कोणी म्हणेल, "अहो, कोंडीत अजून गळ्याएवढं पाणी आहे!" कोंड म्हणजे पात्रातला खोल डोह. असू दे. साठलेलं पाणी वेगळं आणि वाहतं पाणी वेगळं. आपल्याला वाहत्याची नोंद हवी आहे.

कोकणात तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकर येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हवामान बदलतंय, नद्या बदलतायत, हेही सगळे म्हणतात. पण तुमच्या गावची नदी नेमकी किती बदलली, कुठल्या महिन्यात बदलली आणि कशामुळे, हे सांगणारा कागद बहुतेक ग्रामपंचायतींच्या कपाटात नसतो. मोठ्या नद्यांवर सरकारी मोजणी केंद्रं आहेत, पण पऱ्या, व्हाळ आणि लहान नद्यांकडे कोणी बघत नाही, आणि गावाची नळपाणी योजना बहुतेक वेळा त्यांच्याच काठच्या विहिरीवर चालते. ही नोंद गावात राहणारा माणूसच ठेवू शकतो. ती कशी ठेवायची ते खाली लिहितो आहे.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात

केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारताच्या हवामान बदलाचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. १९५१ ते २०१५ या काळात देशाचा जून ते सप्टेंबरचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि ठळक घट दिसलेल्या भागांत पश्चिम घाट आहे. त्याच सुमाराच्या काळात मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरच्या वर पाऊस पडण्याच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे एकूण पाऊस कमी होऊनही कोसळणारा पाऊस वाढू शकतो. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते, आणि अरबी समुद्र तर तापतोच आहे.

आपल्या जमिनीवर याचा परिणाम दुप्पट होतो. वर जांभा, त्याखाली शेडीचा (चिकट मातीचा) थर, त्याखाली काळा कातळ. जांभा सच्छिद्र आहे, पाणी पटकन घेतो. पण शेडीपाशी ते अडतं, आडवं सरकतं आणि सड्याच्या (कातळी पठाराच्या) कडेला झऱ्यांतून बाहेर पडतं. आठवडाभर रिपरिप पडलेला पाऊस या साठवणीत उतरतो. तेवढाच पाऊस एका रात्रीत कोसळला तर जांभा तुडुंब भरतो आणि उरलेलं सगळं सकाळपर्यंत खाडीत जातं. म्हणून वर्षाच्या एकूण पावसाकडे बघून नदीबद्दल बोलता येत नाही.

पहिली पायरी: नदीत कोणाचं पाणी आहे ते शोधा

ही पायरी चुकली तर पुढची वीस वर्षांची मेहनत वाया जाते, म्हणून जरा थांबून सांगतो.

चिपळूणला मे महिन्यात वाशिष्ठी भरून वाहताना दिसते. ते पाणी कोकणात पडलेलं नाही. कोयनेचं पाणी सह्याद्रीतून बोगद्याने आणून पोफळी, अलोरे, कोळकेवाडी अशा टप्प्यांवर वीज तयार करतात आणि मग ते वाशिष्ठीत सोडतात. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे. हे पाणी वर्षभर सारखं वाटलं असं धरलं, तर सेकंदाला सुमारे ६० घनमीटर होतं. उन्हाळ्यात कोकणातल्या कुठल्याही मोकळ्या नदीला एवढा प्रवाह नसतो. तिथे बसून कोणी हवामान बदल मोजायला लागला, तर तो प्रत्यक्षात विजेची मागणी मोजत असेल. कुंडलिकेचंही तसंच: मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून तिच्यात येतं. पाताळगंगेत खोपोलीचं येतं, उल्हास नदीत भिवपुरीचं. ही केंद्रं १९१५ ते १९२७ या काळात सुरू झालेली, म्हणजे या नद्यांचा 'मूळ' उन्हाळी प्रवाह बघितलेलं माणूस आज हयात नाही.

दुसरी अडचण भरतीची. वाशिष्ठीत गोवळकोटपर्यंत खाडी आत येते. अशा पट्ट्यात मोजलेली पातळी नदीइतकीच चंद्राचीही असते. पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं का, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जास्त चढतं का, उन्हाळ्यात चव मचूळ लागते का, हे पंधरा दिवस बघा. यातलं काहीही आढळलं तर मोजणीची जागा वर सरकवा.

तेव्हा सुरुवातीला हाताने कच्चा नकाशा काढा. उगमापासून आपल्या जागेपर्यंत कुठे धरण, कुठे पाझर तलाव, कुठे केटी (कोल्हापूर पद्धतीचा) बंधारा, किती पंप, कुठे चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढायची खाण), सगळं त्यावर दाखवा. धरणाच्या वरचा किंवा धरणच नसलेला पऱ्या मिळाला तर सर्वात उत्तम. हवामानाची गोष्ट तोच निर्मळपणे सांगतो.

दुसरी पायरी: जागा आणि पट्टी

जागा सरळ वाहाची हवी, वळणावरची नको. तळ कातळाचा असेल तर भाग्य. वाळू-गोट्यांचा तळ दर पावसाळ्यात हलतो.

साकवाच्या किंवा पुलाच्या खांबावर ऑइल पेंटने दर १० सेंटिमीटरला रेघ आणि दर अर्ध्या मीटरला आकडा लिहा. शून्य तळाच्या थोडं खाली येईल असं धरा, म्हणजे उद्या तळ खरवडला गेला तरी उणे आकडे लिहावे लागणार नाहीत. आता महत्त्वाचं: खांब रंगवले जातात, साकव वाहून जातात. म्हणून पुरापासून लांब, न हलणाऱ्या जागी, देवळाच्या जोत्यावर किंवा मोठ्या कातळावर, छिन्नीने एक खूण करा. गवंडी लेव्हल काढायला वापरतो ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन ती खूण पट्टीच्या शून्यापेक्षा किती मीटर उंच आहे ते मोजा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पट्टी गेली तरी या खुणेवरून तशीच दुसरी पट्टी लावता येते.

पातळी रोज सकाळी साडेआठला वाचा. भर पावसात संध्याकाळी पुन्हा. पुराच्या रात्री नदीवर जाऊ नका. त्यासाठी खांबाला एक पीव्हीसी पाइप उभा बांधून ठेवा: खाली भोकं, वर झाकण, आत खडू फासलेली काठी. पाणी जिथपर्यंत चढेल तिथपर्यंत खडू धुतला जातो. सकाळी काठी काढून बघायची, नवा खडू फासून परत ठेवायची.

तिसरी पायरी: पाऊस

बाजारातली छोटी पर्जन्यमापी बाटली कोकणात पुरत नाही. दिवसाला ११५.६ मिलिमीटरपासून 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार' अशी हवामान खात्याची वर्गवारी आहे, आणि आपल्याकडे दोन्ही प्रकार नवे नाहीत. २० सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं घेतलं तर त्याचं तोंड ३१४ चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे १ मिलिमीटर पावसाला साधारण ३१ मिलिलिटर पाणी. ३०० मिलिमीटरच्या दिवसासाठी खाली साडेनऊ लिटरचा डबा हवा. दहा लिटरचा कॅन ठेवा. नरसाळ्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच, आणि जवळच्या झाडा-घराच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. पंधरा मीटरच्या माडाखाली ठेवलेलं मापक झावळ्यांचं पाणी मोजतं.

जलवर्ष १ जून ते ३१ मे धरा. वर्षअखेर चार गोष्टी काढा: एकूण पाऊस, २.५ मिलिमीटर किंवा जास्त पावसाचे दिवस, ११५.६ च्या वरचे दिवस, आणि जुलै-ऑगस्टमधली सर्वात लांब उघडीप. हा शेवटचा आकडा मला फार बोलका वाटतो. लावणी होऊन रोप उभं राहायच्या वेळी सलग दहा दिवस ऊन पडलं, तर एकूण पाऊस सरासरीला पोचला तरी झऱ्यांचं गणित बिघडलेलं असतं.

चौथी पायरी: प्रत्यक्ष प्रवाह मोजणं

पातळी रोज वाचायची, प्रवाह मात्र वर्षातून आठ-दहा वेळा, वेगवेगळ्या पातळ्यांना मोजला तरी पुरे. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगाचं असेल तर उतरू नका, साकवावरून दोरीला वजन बांधून खोली घ्या.

समजा पात्र १२ मीटर रुंद आहे. दर २ मीटरवर खोली मोजली: ०.३, ०.६, ०.८, ०.५, ०.२ मीटर. यांची बेरीज २.४, तिला २ ने गुणलं की छेदाचं क्षेत्र ४.८ चौरस मीटर. आता २० मीटरचं सरळ अंतर आखा आणि वरून एक हिरवं शहाळं सोडा. शहाळं जवळजवळ पूर्ण बुडून वाहतं, त्याला वारा ढकलत नाही. अर्धी भरलेली बाटलीही चालते. मध्ये, डावीकडे, उजवीकडे असं पाच-सहा वेळा सोडा. सरासरी २५ सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.८ मीटर. पण हा पृष्ठभागाचा वेग झाला, तळाशी पाणी सावकाश जातं, म्हणून ०.८५ ने गुणा: ०.६८. क्षेत्र गुणिले वेग म्हणजे ३.२६ घनमीटर, सेकंदाला सव्वातीन हजार लिटर.

अशा मोजण्या आलेख कागदावर मांडा: उभ्या बाजूला पातळी, आडव्या बाजूला प्रवाह. ठिपक्यांमधून वळणदार रेषा काढली की पुढे नुसत्या पातळीवरून प्रवाह सांगता येतो. ही रेषा कायमची नसते. गाळ साचला, वाळू उपसली, की ती सरकते. २०२१ च्या पुरानंतर वाशिष्ठीतला गाळ मोठ्या प्रमाणावर काढला. तिथे आज तीच पातळी दिसली तरी प्रवाह आधीचाच असेल असं नाही. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास एक-दोन मोजण्या घेऊन रेषा तपासा.

फेब्रुवारीत शहाळं जागचं हलत नाही. तेव्हा पत्र्यात ९० अंशांची व्ही आकाराची खाच कापून तो पत्रा पऱ्यात आडवा बसवा, कडा चिखलाने बुजवा, सगळं पाणी खाचेतून पडू द्या. खाचेच्या खालच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची ती पत्र्याला लागून नव्हे, थोडी वरच्या अंगाला. उंची १० सेंटिमीटर असेल तर प्रवाह सेकंदाला ४.४ लिटर, ५ सेंटिमीटर असेल तर जेमतेम ०.८ लिटर. उंची निम्मी झाली की पाणी निम्मं नाही, साडेपाच पटींनी कमी होतं. "अजून बरंच पाणी आहे" असं वाटत असतानाच नळ का बंद पडतो, त्याचं कारण यात आहे.

पाचवी पायरी: आटण्याची तारीख, आणि तिच्याशेजारी एक आकडा

वेळ नसेल, पट्टी नसेल, काहीच नसेल, तरी एवढं करा. आटणं म्हणजे काय याची खूण एकदाच ठरवा, जसे आमचे रांजण. ती कधीही बदलू नका. दर वर्षी धार तुटली ती तारीख लिहा. धार परत सुरू झाली ती तारीखही लिहा. २०२५ मध्ये मान्सून मे महिन्यातच कोकणात पोचला, असं वर्ष वहीत वेगळं उठून दिसलं पाहिजे.

पण नुसती तारीख फसवते. म्हणून तिच्याशेजारी दुसरा आकडा हवा: परतीच्या शेवटच्या दमदार पावसानंतर पऱ्या किती दिवस वाहिला. दमदार म्हणजे किती, तेही एकदाच ठरवा. मी २५ मिलिमीटर धरतो.

उदाहरणाने स्पष्ट होईल. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. एका वर्षी शेवटचा दमदार पाऊस १० ऑक्टोबरला, धार तुटली २० मार्चला: १६१ दिवस. दुसऱ्या वर्षी पाऊस २२ सप्टेंबरलाच संपला, धार तुटली २ मार्चला: मोजून बघा, तेही १६१ दिवसच. पऱ्या अठरा दिवस आधी आटला, पण डोंगराची पाणी धरून ठेवायची ताकद तेवढीच होती, पाऊस लवकर गेला एवढंच. तिसऱ्या वर्षी पाऊस १२ ऑक्टोबरपर्यंत होता आणि तरीही धार २ मार्चला तुटली: १४१ दिवस. इथे मात्र वर डोंगरात काहीतरी झालंय. झाडं गेली, खाण उघडली, पंप वाढले, वणवा लागला, किंवा पावसाळ्यातच पाऊस मुरण्याऐवजी धावला. तारीख दोन्ही वर्षी २ मार्चच, आणि दोन्हींची कारणं वेगळी. गावात भांडण होतं ते नेमकं इथे: एक म्हणतो निसर्ग बदलला, दुसरा म्हणतो चिरेखाणीने घात केला. हे दोन आकडे समोर ठेवले की भांडणाचं निदान अर्धं उत्तर मिळतं.

सहावी पायरी: मागची वर्षं माणसांकडून

तुमची वही आज सुरू होते. आधीची चाळीस वर्षं म्हाताऱ्या माणसांकडे आहेत, पण विचारायची रीत हवी. "आजी, पूर्वी पाणी जास्त होतं ना?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. त्याऐवजी विचारा: वायंगण (पावसाळ्यानंतरचं भात) कोणत्या मळ्यात करायचात? शेवटचं कधी केलंत? धाकट्याच्या लग्नात मांडवाला पाणी कुठून आणलं? शिमग्याला पोरं कोणत्या कोंडीत डुंबायची? वायंगणी भात बंद झाल्याचं वर्ष ही मोठी खूण आहे, पण मजूर मिळेनात म्हणूनही ते बंद झालेलं असू शकतं, तेही विचारा.

सणांच्या आठवणी पंचांगावर तपासल्याशिवाय वहीत घालू नका. होळी २०२३ मध्ये ६ मार्चला होती आणि २०२४ मध्ये २४ मार्चला. "शिमग्यापर्यंत पाणी असायचं" या वाक्यात अठरा दिवस असे लपलेले असतात. नक्षत्रांचं तसं नाही, ती सूर्यावर चालतात. मृग दर वर्षी ७-८ जूनलाच लागतं. म्हणून "हस्ताचा पाऊस गेला तेव्हा" अशी आठवण जास्त भरवशाची.

सरकारी नोंदीही मिळवा. केंद्रीय जल आयोगाची आकडेवारी इंडिया-डब्ल्यूआरआयएस संकेतस्थळावर बघता येते. राज्याच्या नोंदी नाशिकच्या जलविज्ञान प्रकल्पाकडे असतात. विहिरींच्या पातळ्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा मोजते, तुमच्या जवळची निरीक्षण विहीर कोणती ते जिल्हा कार्यालयात विचारा. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाकडून १९०१ पासूनचा रोजचा पाऊस अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटींत उपलब्ध आहे. पण पाव अंश म्हणजे जवळपास २७ किलोमीटर. आपल्याकडे तेवढ्या अंतरात सखल गाव आणि घाटमाथा एकाच चौकटीत येतात, म्हणून त्यावरून वर्षांची तुलना करा, पण गावचा पाऊस म्हणून तो आकडा लिहू नका.

सातवी पायरी: कल आहे की भास

समजा आठ वर्षांच्या आटण्याच्या तारखा १ जानेवारीपासूनच्या दिवसांत अशा आल्या: ७८, ८१, ७०, ७४, ६६, ७२, ६१, ६४. पहिल्या चारांची सरासरी ७५.७५, नंतरच्या चारांची ६५.७५. दहा दिवसांचा फरक. आता प्रत्येक वर्षाची पुढच्या प्रत्येक वर्षाशी जोडी लावा. पुढचा आकडा मोठा असेल तर अधिक, लहान असेल तर वजा. एकूण २८ जोड्या होतात: ५ अधिक, २३ वजा. कुठलाच कल नसता तर दोन्ही चौदाच्या आसपास आले असते. निव्वळ योगायोगाने इतका एकतर्फी निकाल लागण्याची शक्यता शंभरात तीनच्या जवळपास आहे. शास्त्रज्ञ मान-केंडल चाचणी म्हणतात ती हीच. कागद-पेन्सिलीने होते, आणि एखादं वर्ष फारच विचित्र असलं तरी बिघडत नाही.

तरीही आठ वर्षांवरून हवामान बदललं असं मी म्हणणार नाही. प्रशांत महासागरातला एल निनो एकटाच दोन-तीन वर्षं मोडू शकतो, २०१५ आणि २०२३ ही तशीच वर्षं होती. हवामानाची सरासरी काढायला जगभर ३० वर्षं धरतात. दहा वर्षांत तुम्हाला डोंगरातल्या आणि गावातल्या बदलांबद्दल बोलता येईल, हवामानाबद्दल बोलायला पुढच्या पिढीची वर्षं त्यात मिळवावी लागतील.

पुराची गोष्ट वेगळी. पूर दर वर्षी एकच मोठा, त्यामुळे कल दिसायला आणखी जास्त वर्षं लागतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड बुडाले, २००५ च्या २६ जुलैलाही बुडाले होते. दोन घटनांवरून रेषा काढता येत नाही, पण घर कुठे बांधायचं ते ठरवता येतं. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. याचा अर्थ "आता शंभर वर्षं निवांत" असा नाही. लाल रेषेच्या काठावरच्या घराला ३० वर्षांत निदान एकदा पाणी लागण्याची शक्यता २६ टक्के, निळ्या रेषेवरच्या घराला ७१ टक्के. आणि या रेषा जुन्या पावसाच्या नोंदींवरून काढलेल्या असतात. म्हणून प्रत्येक पुरानंतर भिंतींवरचे डाग, करवंदीच्या जाळीत अडकलेला कचरा, सगळ्यांची उंची देवळाच्या खुणेपासून मोजून वहीत घाला.

वहीचा उपयोग

पहिली तीन वर्षं झाली की वनराई बंधाऱ्याचा (माती भरलेल्या गोण्यांच्या तात्पुरत्या बांधाचा) दिवस वहीवरून ठरवा. पुष्कळ गावांत गोणी भरायला लोक डिसेंबर उजाडेपर्यंत थांबतात, तोवर अडवण्याजोगं निम्मं पाणी गेलेलं असतं. पऱ्याचा प्रवाह झपाट्याने उतरायला लागला की तोच मुहूर्त, मग तो ऑक्टोबरचा शेवट असो की नोव्हेंबरचा मध्य. नळपाणी योजनेचा आराखडा ग्रामसभेत आला की मार्च-एप्रिलच्या प्रवाहाचं पान उघडून विचारा, की योजनेला लागणारं पाणी या आकड्यात बसतं का. बसत नसेल तर विहिरीची जागा तेव्हाच बदलता येते, पाइप पुरल्यावर नाही.

वहीच्या दोन प्रती ठेवा, एक शाळेत, एक घरी, आणि दर ३१ मेला पानांचे फोटो काढून चार जणांच्या फोनवर पाठवा. पहिल्या पानावर खुणेची जागा, शून्याची उंची, आटण्याची व्याख्या आणि दमदार पावसाचा आकडा स्पष्ट अक्षरात लिहा. आमच्या वहीत त्या पानावर रांजणांचं पेन्सिलीने काढलेलं चित्र आहे, वरच्या रांजणाच्या ज्या ओठावरून धार पडते तिथे बाण दाखवून.